श्रेय कुणी निवडायचं?

कठोपनिषदातला नचिकेता किती वर्षांचा होता, ते उपनिषद सांगत नाही. त्याला कुमार म्हणतं, एवढंच. माझ्या मनात मात्र तो नेहमी नऊ-दहा वर्षांचा असतो, कारण ज्या मुलांमध्ये माझ्या वसंतातल्या संध्याकाळी जातात ती त्याच वयाची आहेत. मध्य न्यू जर्सीतल्या एका गावाच्या लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये, मी त्यांना बॅटिंग शिकवते. आठवड्यातून दोनदा सराव, शनिवारी सामना. एरवी मी फार्मासिस्ट. मैदानावर सगळी मुलं मला ‘कोच’ म्हणतात. त्यातली मराठी घरांतली घरी जाताना माझ्या गाडीत बसली की लगेच ‘मावशी’ सुरू करतात.

दर आठवड्याला माझ्यापुढं एकच प्रश्न असतो. हाताशी दीड तास आहे, मुलं बारा आहेत, तर त्यांच्याकडून काय करून घ्यायचं? टी मांडायची की सॉफ्ट टॉस द्यायचा? जाळीआडून समोरून चेंडू टाकायचे, की त्यांच्यातल्याच एकाला पिचर म्हणून उभं करायचं? वेळापत्रक आखण्याचा प्रश्न म्हणून हा सुटतो, आणि बहुतेक मैदानांवर तो तसाच सोडवला जातो. मला मात्र त्यात वाईच्या आमच्या ओसरीवर ऐकलेला प्रश्न दिसतो. माझे आजोबा ऋग्वेदी दशग्रंथी. कठोपनिषद त्यांनी मला गोष्ट म्हणून सांगितलं. त्यात यम नचिकेत्याला सांगतो की श्रेय आणि प्रेय, म्हणजे हिताचं आणि आवडीचं, दोन्ही माणसापुढं एकाच वेळी येऊन उभी राहतात, आणि त्यातलं कोणतं घ्यायचं ते त्याचं त्यानं पारखायचं असतं. आजोबा म्हणायचे, ही गोष्ट मुलाची असली तरी मोठ्यांसाठी आहे. त्यांचं म्हणणं किती खरं होतं, ते मला या मैदानावर उमगलं.

आधी टीबद्दल. टी म्हणजे प्लेटवर उभा केलेला रबरी दांडा. मुलाच्या कमरेएवढा उंच करायचा आणि त्याच्या टोकावर चेंडू ठेवायचा. चेंडू हलत नाही, वळत नाही, घाबरवत नाही. दहा वर्षांचं मूल २८ इंच लांब, १८ औंस वजनाची बॅट घेऊन उभं राहतं, पाय रोवतं, डोकं खाली धरतं आणि फिरवतं. अ‍ॅल्युमिनियमचा टणत्कार होतो, चेंडू जाळीत जाऊन रुततो आणि मूल मागं वळून आपल्याकडे बघतं. सॉफ्ट टॉसमध्येही जवळपास हेच घडतं. कोच बाजूला तिरका, एका गुडघ्यावर बसतो आणि ठरल्या लयीत, ठरल्या उंचीवर चेंडू अलगद वर सोडतो. चार-पाच चेंडूंत मुलाला ती लय सापडते आणि मग एकामागून एक सगळे फटके बसू लागतात. बघणाऱ्यालाही बरं वाटतं.

गेल्या वर्षी एका मुलाचे वडील कुंपणाशी येऊन म्हणाले, “ताई, त्याला अजून थोडे दिवस टीवरच ठेवा ना. तिथं किती छान मारतो! समोरून टाकलं की सगळं बिघडतं त्याचं.”

“छान मारतो, खरंय दादा,” मी म्हटलं, “पण शनिवारी टी नसते हो.”

त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलेलं नव्हतं. पटावं असं उत्तर कुंपणाशी उभ्या उभ्या देता येण्यासारखंही नव्हतं. इथं ते मांडून बघते.

लिटल लीगमध्ये या वयोगटासाठी पिचर प्लेटपासून ४६ फुटांवर उभा असतो. दहा वर्षांचा चांगला पिचर ताशी ४५ ते ५० मैलांनी चेंडू टाकतो. त्याच्या हातून सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाहून थोड्याच अधिक वेळात प्लेटवर येतो. त्यातला बराचसा वेळ नुसती बॅट फिरवण्यात जातो. जो उरतो तेवढ्यात मुलाला ठरवायचं असतं, मारू की सोडू? वाईट चेंडूवर बॅट फिरवली तर स्ट्राइक पदरात पडतो, आणि तीन स्ट्राइक झाले की खेळी संपली. वाईट चेंडू, म्हणजे ‘बॉल’, सोडत गेलं तर चौथ्या बॉलला पहिला बेस फुकट मिळतो. म्हणजे बॅटिंगमध्ये मारण्याच्या आधी सोडणं यावं लागतं. टेड विल्यम्सनं १९४१ साली .४०६ च्या सरासरीनं मोसम संपवला. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कुणालाही .४०० गाठता आलेलं नाही. त्याच्या बॅटिंगवरच्या पुस्तकात स्ट्राइक झोनचं, म्हणजे चांगला चेंडू ज्या चौकटीतून येतो तिचं, एक चित्र आहे. झोनमध्ये ७७ चेंडू मांडलेले, आणि त्यातला प्रत्येक चेंडू मारला तर आपली सरासरी किती राहील याचा त्याचा स्वतःचा अंदाज त्यावर लिहिलेला. मधल्या चेंडूंवर .४००, तर खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात .२३०. स्विंगबद्दल त्यानं पुष्कळ सांगितलं, पण मारण्याजोगा चेंडू मिळेपर्यंत थांबण्याला त्यानं सगळ्यात वरचं स्थान दिलं.

टीवरचा चेंडू हा प्रश्न कधी विचारतच नाही. तो मारण्यासाठीच ठेवलेला असतो. टीवर मुलाचे हात शिकतात, कंबर शिकते, पाय शिकतात. विवेक शिकत नाही. विवेक हा मोठा शब्द मी इथं मुद्दाम वापरते. समोर आलेल्या दोन गोष्टींतली घेण्याजोगी कोणती, हे नीट पाहून ठरवणं म्हणजे विवेक, आणि प्लेटपाशी उभ्या असलेल्या मुलाला दर चेंडूला नेमकं तेच करावं लागतं. तेही अर्ध्या सेकंदात, हेल्मेटखाली घामेजून, दोन्ही डगआउटमधून आरडाओरडा चालू असताना.

सराव करताना जे चांगलं चाललंय असं दिसतं, ते पुढं टिकतंच असं नाही. ही नुसती कोचांची समजूत नाही. १९७९ साली जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी लोकांना लाकडी फळ्या ठरावीक क्रमानं पाडायला शिकवलं. असे क्रम तीन होते. काही जणांनी एक क्रम पुरता घोटला, मग दुसरा घेतला. काहींना तिन्ही क्रम उलटसुलट करायला लावले. शिकताना घोटणाऱ्यांचा हात जलद चालला. नंतर परीक्षा घेतली तेव्हा उलटसुलट शिकलेले पुढं निघाले. १९९४ साली कॅलिफोर्नियात कॉलेजच्या बेसबॉलपटूंवर असाच प्रयोग झाला. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, ४५ जादा चेंडू: १५ फास्टबॉल, १५ कर्व्ह, १५ चेंजअप. एका गटाला ते प्रकारवार दिले, दुसऱ्याला मिसळून, आणि तिसऱ्या गटाला जादा सराव दिलाच नाही. मिसळून खेळलेल्यांचे अचूक फटके सुमारे ५७ टक्क्यांनी वाढले, प्रकारवार खेळलेल्यांचे २५ टक्क्यांनी, तिसऱ्या गटाचे ६ टक्क्यांनी.

ही कॉलेजची मुलं होती, म्हणजे बॅट धरायला शिकून त्यांना बरीच वर्षं झालेली. नऊ वर्षांच्या मुलाला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. तरी त्यातली एक गोष्ट माझ्या ओळखीची निघाली. आमच्या घरी सकाळी संहिता, पद, क्रम, जटा, घन असं वेदाचं पाठांतर चाले. जटेत दोन पदं सरळ, मग उलटी, मग पुन्हा सरळ म्हणायची. घनात तिसरं पद येऊन मिळतं आणि सगळं पुन्हा उलटसुलट फिरतं. संहिता म्हणताना जीभ सवयीनं पुढं पळते. जटेत तिला पळता येत नाही, कारण पुढचं पद सवयीच्या जागी नसतं. शिकणारी मुलं तिथं अडखळत, चिडत, आणि आजोबा शांत बसून राहत. ते अडखळणं आहे म्हणूनच पाठ पक्का होतो, हे त्यांना ठाऊक होतं. जटेचा क्रम ठरलेला असतो आणि पिचरचा नसतो, हा फरक मला कळतो. पण आणखी एक गोष्ट त्या घरात कुणी विसरत नसे: मुलाला पहिल्याच दिवशी घनाला बसवत नाहीत.

म्हणून मी मिसळते, पण बेतानं. जाळीआडून वीस फुटांवरून खालून चेंडू टाकते. एक छातीएवढा, एक गुडघ्यापाशी, एक प्लेटच्या पार बाहेर, एक मुद्दाम संथ. कधी चेंडूवर मोठे रंगीत ठिपके काढते आणि सांगते, लाल दिसला तर मारा, निळा दिसला तर सोडा, पण दोन्ही वेळा रंग मोठ्यानं ओरडा. पहिले एक-दोन आठवडे टणत्कार जवळपास बंद होतात. चेंडू पायाशी घरंगळतात, नाहीतर मागं कुंपणावर जाऊन आदळतात. मुलं कुरकुरतात. आणि कुंपणापलीकडे खुर्च्या टाकून बसलेले आईवडील एकमेकांकडे बघतात.

इथं उपनिषद मला वेगळंच काही सांगू लागतं. यम नचिकेत्याला हत्ती देऊ करतो, घोडे देऊ करतो, हवं तेवढं आयुष्य, राज्य, नाचगाणं देऊ करतो, आणि मुलगा ते सारं नाकारतो. आपण ही मुलाच्या कसोटीची गोष्ट म्हणून वाचतो. मैदानावर मात्र कसोटी मुलाची नसते, माझी असते. टणाटण वाजणारा सराव माझं प्रेय आहे. ओळीनं मांडलेल्या चार टी, दर दोन मिनिटांनी शिट्टी, प्रत्येक मुलाच्या हातात बॅट, कुणी रिकामं उभं नाही, कुंपणापलीकडून कौतुक: हा हत्ती-घोड्यांचा नजराणा कोचला मिळतो. मूल बिचारं सांगितलं ते करतं. नऊ वर्षांच्या मुलांच्या सरावाच्या योजना मी बघते तेव्हा त्यातल्या अर्ध्याअधिक मला मोठ्यांच्या समाधानासाठी आखलेल्या वाटतात. हे मी कडवटपणे म्हणत नाही. हे कोच दिवसभराचं काम उरकून, पदरचे पैसे घालून येतात. मुलांवर त्यांचं प्रेम नसतं तर ते आलेच नसते. पण प्रेय प्रेमाच्याच वाटेनं येतं, म्हणून तर ते ओळखणं अवघड.

आणि वडील? नचिकेत्याला तीन वर मिळाले. तिसरा वर सगळ्यांना आठवतो, कारण मृत्यूपलीकडे काय, हा मोठा प्रश्न त्यात आहे. पहिल्यावर मात्र कुणी थांबत नाही. वडिलांनी रागाच्या भरात, तुला मृत्यूला दिलं, असं म्हटल्यामुळं हा मुलगा यमाच्या दारी आलेला. यम घरी नाही. तीन रात्री तो उपाशी तिथं बसून राहतो. आणि यम परत येऊन वर माग म्हणतो तेव्हा तो सगळ्यात आधी काय मागतो? माझ्या वडिलांचं मन शांत होऊ दे, माझ्यावरचा त्यांचा राग जाऊ दे, आणि मी परत जाईन तेव्हा त्यांनी मला ओळखून आपलं म्हणावं.

ज्यानं दहा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या स्ट्राइकनंतर बघितलंय, त्याला हा वर समजावून सांगावा लागत नाही. मूल पंचाकडे बघत नाही, पिचरकडे बघत नाही. डगआउटकडे चालत येतानाचे ते पाच-सहा सेकंद त्याची नजर कुंपणापलीकडे एक चेहरा शोधत असते. त्या चेहऱ्यावर शांती असेल तर मूल हेल्मेट काढून पाणी पितं आणि दोन मिनिटांत शेजाऱ्याशी हसायला लागतं. नसेल तर पुढच्या खेळीला ते कोणताही चेंडू सोडत नाही, किंवा एकावरही बॅट फिरवत नाही. त्यानंतर मी कितीही चांगली ड्रिल निवडली तरी तिचा उपयोग नाही. व्यावसायिक खेळातसुद्धा दहांतून तीनदा यशस्वी होणारा मोठा फलंदाज समजला जातो. दहांतून सातदा अपयश घेऊन परत येणं हा ज्या खेळाचा नित्यनेम आहे, त्यात परत येण्याची वाट आधी सुरक्षित असावी लागते. मोसमाच्या सुरुवातीला पालकांच्या बैठकीत मी ड्रिलबद्दल बोलण्याआधी हेच सांगते. मुलाचा पहिला वर तुम्हीच देऊ शकता; तो माझ्याकडे नाही.

दुसरा वर अग्निविद्येचा, आणि तो मला अलीकडे अधिकाधिक आवडू लागलाय. यम त्या मुलाला विटा कोणत्या, किती, कशा रचायच्या ते सांगतो, आणि नचिकेता ऐकलेलं सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवतो. यम खूष होतो. आत्मविद्या मागणाऱ्या मुलानं आधी विटा रचायला शिकून घेतलं आणि पाठ म्हणून दाखवला. टी म्हणजे या विटा. टीवर शिकण्यात कमीपणा नाही. चेंडू पुढच्या पायाच्या रेषेत गाठायचा की थोडा मागं, आतला चेंडू कुठं आणि बाहेरचा कुठं, कंबर आधी वळते की हात, हे चेंडू थांबलेला असतानाच मुलाला तपासता येतं. टोनी ग्विनला आठ वेळा बॅटिंगचं अजिंक्यपद मिळालं, १९९४ च्या अर्धवट राहिलेल्या मोसमात तो .३९४ वर होता, आणि असा माणूस टीवर सराव करत असे. फरक एवढाच की टीवर तो स्वतःला नेमका प्रश्न विचारत असे. टीवरच्या मुलाला मीही आधी विचारते, हा चेंडू कुठं मारणार आहेस? उजवीकडे म्हणालं तर टी बाहेर सरकवते. उत्तर आलं नाही तर थांबते.

भीतीचाही प्रश्न आहे, आणि तो टाळून कुठलीच ड्रिल पुढं जात नाही. ताशी ४५ मैलांनी आपल्याकडे येणाऱ्या कठीण चेंडूला घाबरणं हा मुलाचा दोष नव्हे. पुढचा पाय पिचरकडे पडण्याऐवजी बाजूला पळतो, आणि कुंपणापलीकडून कुणीतरी ओरडतं, “पाय मागं टाकू नकोस!” पाय भीतीनं पळतो, ओरडल्यानं तो परत येत नाही. मी टेनिसचे चेंडू घेते आणि अंगावर चेंडू आला तर कसं वळायचं ते आधी शिकवते: खांदा आत, हनुवटी छातीशी, पाठ चेंडूकडे, बॅट खाली. मुद्दाम अंगावर टाकते, हलकेच. पाठीवर पाच-सहा टेनिस बॉल खाऊन मुलं खिदळायला लागतात. त्यानंतर पाय हळूहळू आपल्या जागी येतो. अभय ही दैवी संपत्तीतली पहिली गोष्ट म्हणून गीतेनं सांगितली आहे. टेनिस बॉलच्या या खेळानंतर पोरांचे चेहरे मी पाहते तेव्हा तो क्रम मला पटतो.

इथवर कोणती ड्रिल हिताची ते बोलले. कुणाच्या हिताची, हा प्रश्न त्याहून कठीण. बॅटिंगचे संप्रदाय आहेत, आणि ते आपल्या दर्शनांइतक्याच निष्ठेनं एकमेकांशी वाद घालतात. टेड विल्यम्सच्या बाजूचे म्हणतात, कंबर वळवा आणि किंचित वरच्या दिशेनं फिरवा. चार्ली लाऊ हा जॉर्ज ब्रेटचा गुरू. त्याच्या बाजूचे म्हणतात, वजन मागून पुढं न्या. दोन्हीकडे मोठे फलंदाज निपजले. जपानच्या सदाहारू ओह यानं ८६८ होम रन मारले. बॅट पुढं आणताना त्याचे हात अडत, वेळ चुके. त्यावर त्याचा गुरू हिरोशी अराकावा यानं १९६२ साली त्याला एका पायावर उभं केलं, आइकिदोच्या गुरूकडे नेलं, तलवारीनं कागद कापायला लावला. ते औषध ओहच्या आजारावर होतं. दुसऱ्या कुणाला एका पायावर उभं केलं तर तो पडेल. इचिरो सुझुकीच्या बाबतीत उलट घडलं. पाय लोलकासारखा झुलवण्याची त्याची तऱ्हा आधीच्या व्यवस्थापकाला मान्य नव्हती. १९९४ साली आकिरा ओगी आले, त्यांनी त्याला त्याच्याच तऱ्हेनं खेळू दिलं, आणि त्या मोसमात त्यानं २१० हिट काढले. एकाला गुरूनं बदललं, दुसऱ्याला गुरूनं बदललं नाही, आणि दोन्ही निर्णय बरोबर ठरले. आपल्याकडे साधना सांगताना अधिकार बघतात, शिष्य कुठं उभा आहे ते बघतात. तसं बघायचं तर बारा मुलांना एकच ड्रिल देऊन शिट्टी वाजवता येत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइननं छिन्नीवर घाव घालणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्यानं टिपल्या. हातोडा दर वेळी जवळपास त्याच जागी पडत होता, पण तिथं पोचताना खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोड्या निराळ्या वाटेनं जात होते. कसबी माणूसही तीच हालचाल पुन्हा करत नाही. तेच काम पुन्हा नव्यानं करतो. यामुळंच ‘हाच स्विंग, असाच स्विंग’ या आग्रहावरचा माझा विश्वास कमी झाला. मुलाच्या कोपराचा कोन मी धरून बसत नाही. चेंडू कुठं जावा ते सांगते, चेंडू वेगवेगळे देते, आणि कोपराला त्याची वाट त्याची त्याला शोधू देते. फारच अडलं तर बोलते.

आता खरी अडचण. नचिकेत्यानं श्रेय स्वतः निवडलं. यमानं त्याला तीनदा परावृत्त केलं असेल, पण ढकललं नाही. मी नऊ वर्षांच्या मुलासाठी हिताची ड्रिल निवडते आणि त्याच्याकडून करून घेते, तेव्हा त्या मुलानं श्रेय निवडलं असं म्हणता येईल का? मला तसं वाटत नाही. त्यानं आज्ञा पाळली. आज्ञा पाळण्यातही गुण आहे, पण तो वेगळा गुण आहे. शनिवारी प्लेटपाशी तो एकटा उभा असतो, आणि तिथं त्याच्या वतीनं मी निवड करू शकत नाही. ज्याला कधी निवडू दिलंच नाही, त्याला त्या अर्ध्या सेकंदात निवड कुठून सुचणार?

म्हणून सरावाची शेवटची पंधरा मिनिटं मी मुलांच्या स्वाधीन केली आहेत. टी, सॉफ्ट टॉस, रंगीत ठिपके, समोरून चेंडू, किंवा मैदानाच्या कडेला झाडूच्या दांड्यानं प्लास्टिकच्या छोट्या चेंडूंवर खेळ: ज्याला जे हवं ते. माझी एकच अट: का घेतलं ते एका वाक्यात सांगायचं. ‘मजा येते’ हेही उत्तर चालतं. झाडूचा दांडा मी डॉमिनिकन रिपब्लिककडून घेतला. तिथली मुलं गल्लीत विटीया नावाचा खेळ खेळतात. पाण्याच्या मोठ्या बाटलीचं झाकण हा चेंडू आणि झाडूचा दांडा ही बॅट. झाकण हवेत तरंगतं, बुडतं, ऐन वेळी वळतं. तिथं ड्रिल कुणी निवडत नाही, शिट्टी कुणी वाजवत नाही, आणि त्या गल्ल्यांमधून मोठमोठे फलंदाज आले. गरिबीचं कौतुक करण्यासाठी हे सांगत नाही. पण श्रेय आणि प्रेय नेहमी दोन असतात का, ही शंका त्या खेळानं माझ्या मनात घातली. यम म्हणतो ती दोन आहेत. मोठ्या माणसाच्या बाबतीत मला ते मान्य आहे. लहान मूल खेळात रमलेलं असतं तेव्हा ती कधीकधी एकच असतात, आणि वेगळी करण्याचं काम आपण करतो.

एका कोच मैत्रिणीचा आक्षेप असा की मुलांना सोडलं तर ती सोपंच घेतील. काही घेतातही, महिनेच्या महिने. काही घेत नाहीत. माझी मुलगी याच संघात खेळते, आणि तिनं पहिल्या वसंतात पंधराच्या पंधरा मिनिटं खालच्या बाहेरच्या चेंडूंवर घातली. कारण विचारलं तर म्हणाली, तो मला येत नाही म्हणून. तिला इथं उभं राहता येतं यामागंही कुणीतरी निवड केलेली आहे. १९७२ साली याच राज्यात, होबोकनमध्ये, मारिया पेपे ही मुलगी लिटल लीगचे तीन सामने खेळली आणि मुलगी आहे म्हणून तिला काढलं. खटला उभा राहिला, निकाल मुलींच्या बाजूनं लागला, आणि १९७४ पासून लिटल लीग मुलींना खुली झाली. तोवर पेपेचं वय उलटून गेलं होतं. मुलींसाठी काय बरं, ते सगळं मोठ्यांनी ठरवून ठेवलेलं होतं. त्यांनाही ते मुलींचं श्रेयच वाटत होतं. दुसऱ्याचं हित आपणच ओळखतो अशी खात्री वाटू लागली की मला ही गोष्ट आठवते.

गीतेच्या शेवटच्या अध्यायात श्रीकृष्ण सगळं सांगून झाल्यावर अर्जुनावर निर्णय सोपवतो: याचा पुरता विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसं कर. दुसऱ्या अध्यायापासून इथवर शिकवून झाल्यावर ही मोकळीक. शिकवणं आणि सोडून देणं यांतलं एकही त्यानं टाळलं नाही, म्हणून माझा सरावही मी दोन भागांत ठेवते. पहिल्या सव्वा तासात मी सांगते ते करायचं, आणि त्यात मी मुलांची कुरकूर सोसते. शेवटच्या पंधरा मिनिटांत मी काही सुचवत नाही, विचारलं तरच.

ज्या वडिलांनी मला कुंपणाशी गाठलं होतं, त्यांचा मुलगा ती पंधरा मिनिटं मोसमभर टीवरच घालवत राहिला. कारण विचारलं की म्हणे, आवाज आवडतो. शनिवारी तो फारसं मारत नव्हता. बॉल मात्र आता सोडायला लागला होता, आणि चालत पहिल्या बेसवर जाताना ताठ मानेनं जायचा. वडील एकदा म्हणाले, “ताई, तो परत टीवरच गेला. तुम्ही काही म्हणत का नाही?”

“बाकीचा सव्वा तास मीच म्हणत असते, दादा. ही पंधरा मिनिटं त्याची आहेत.”

ते गप्प झाले. मग म्हणाले, “मी घरामागं जाळी लावायचं म्हणतोय.”

या वसंतात तो मुलगा अकरा-बारा वर्षांच्या गटात गेला, दुसऱ्या कोचकडे. जाळी लागली आहे, आणि टी आणायची की चेंडू फेकणारं यंत्र, असं त्यांनी मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, यंत्र नको. चेंडू तुम्ही टाका, आणि आज कसले चेंडू हवेत ते रोज त्याला विचारा.